काचेच्या पेटीतला आडोसा

आज मी लाजऱ्या माशांबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. मी विज्ञानाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण आमच्या घरात एक लहानशी गोष्ट घडली आणि तिच्यामुळे मला पुष्कळ वाचावं लागलं, जाणत्यांना विचारावं लागलं. त्यातून जे हाती आलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

माझी नात सात वर्षांची आहे. तिच्या वाढदिवसाला मी दोन फूट लांबीची काचेची टाकी आणली. तिच्यात सोडायला गुरामी माशांची जोडी घेतली. नर निळ्या-तांबड्या तिरप्या पट्ट्यांचा, मादी साधी चंदेरी. दुकानात दोघं इकडून तिकडे फिरत होते. घरच्या टाकीत सोडले, तसे ते सरळ फिल्टरच्या मागे जाऊन बसले. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. नात शाळेतून आली की दप्तर न उतरवता टाकीसमोर उभी राहायची. टाकीत दिसायचं ते नुसतं पाणी आणि वर जाणारे बुडबुडे. एकदा तिने विचारलं, "नाना, ते आपल्यावर रागावलेत का?"

नातीला मासे दाखवायचेच, असं मी मनावर घेतलं. टाकीत एक लहान मडकं होतं, ते काढून टाकलं. प्लॅस्टिकची झुडपं काढली. दिवा बदलून जास्त उजेडाचा बसवला. माझा हिशेब साधा होता. लपायला जागाच ठेवली नाही तर लपतील कुठे? मासे दिसायला लागले हे खरं. नर एका कोपऱ्यात काचेला तोंड लावून वरखाली करत राहिला. मादीचा रंग उडाला. टाकलेलं खाणं तळाशी तसंच पडून राहायचं. नवव्या दिवशी सकाळी मादी पाण्यावर तरंगत होती. नात रडली नाही. तिने त्या टाकीकडे जाणंच सोडून दिलं. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

त्या दिवसांत मला आमच्या गावातल्या मशिदीचा हौद सारखा आठवत होता. नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याला वुजू म्हणतात. वुजूसाठी जुन्या मशिदींतून दगडी हौद असतात आणि पुष्कळ हौदांत मासे असतात. मुंबईच्या जामा मशिदीतला हौद झऱ्यांच्या पाण्याचा आहे. मशीद १८०२ मध्ये पुरी झाली, हौद तिच्याही आधीचा. त्यात मासे आणि कासवं असल्याच्या नोंदी जुन्या गॅझेटियरमध्ये आहेत. आमच्या गावचा हौद त्यामानाने लहान. पण माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, काठावर बसून पाण्यात हात घालत, तेव्हा काळसर पाठीचे मासे त्यांच्या बोटांपर्यंत येत. दिवसातून पाच वेळा माणसं येतात, पाणी हलवतात आणि निघून जातात, याची त्या माशांना सवय झालेली होती. मग ते मासे येत आणि माझ्या टाकीतले येत नाहीत, असं का? या प्रश्नाचा माग काढत मी इतिहासात शिरलो.

माणसाने मासे पाळले ते आधी उघड्या आभाळाखाली. आपल्याकडची उदाहरणं फार दूर नाहीत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाची जागा आहे. खडकातल्या खोल डोहाला कोकणात कोंड म्हणतात. तिथल्या देवीच्या नावाने डोहातले महाशीर मासे राखलेले आहेत. त्यांना कोणी पकडत नाही, आणि भाविकांनी खाणं टाकलं की मोठमोठे मासे वर येतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात, वैतरणा नदीच्या काठी तिळसे इथे महादेवाच्या देवळापाशी असेच राखलेले मासे आहेत. तीच जात बाकीच्या नदीत माणसाची सावली पाहून पळते. इथे ती पायरीपाशी येते.

राजेलोकही माशांना खाऊ घालत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर हा बाराव्या शतकातला राजा. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. कोणत्या जातीच्या माशाला कोणतं खाद्य आवडतं, हे त्यात सांगितलं आहे. अर्थात तिथे शेवट गळाने होतो, म्हणून तो विनोद राजाचा, माशाचा नव्हे. पण माशाला जवळ आणायचं तर आधी त्याची खोड ओळखावी लागते, हे त्या काळीही ठाऊक होतं.

याहून सुंदर नोंद आहे ती फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच प्रवाशाची. औरंगजेबाच्या लव्याजम्याबरोबर तो १६६५ मध्ये काश्मीरला गेला. तिथल्या एका बागेच्या तलावात त्याला इतके माणसाळलेले मासे दिसले की हाक मारली किंवा पोळीचे तुकडे टाकले की ते जवळ येत. त्यांतल्या मोठ्या माशांच्या कल्ल्यांत अक्षरं कोरलेल्या सोन्याच्या कड्या होत्या. त्या नूरजहाँने घातल्या असं लोक सांगत, असंही तो लिहितो. कड्यांचं जाऊ द्या, ती हौस आपल्याला आज पटणार नाही. हाकेला मासे येत, हे आपल्या कामाचं.

हौद, कोंड, तलाव या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. पाणी खोल आहे, कडेला दगडांच्या कपारी आहेत, आणि मनात आलं की माशाला खाली निघून जाता येतं. तो वर येतो तो स्वतःच्या मर्जीने. परत जायची वाट मोकळी असते, म्हणूनच तो येतो.

मासा घरात आणला तो चिनी लोकांनी. सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीपासून, तिथे एका साध्या करड्या माशातून निपजलेले लाल-सोनेरी मासे जपून वाढवले गेले. तेच आपले गोल्डफिश. पुढे मिंग काळात (१३६८ ते १६४४) हे मासे तळ्यांतून घरातल्या मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांत आले. ही भांडी अपारदर्शक असत. पाहणारा वरून वाकून पाही. माशाच्या चारी बाजूंना भिंत होती, आणि भिंतीपलीकडे कोण उभं आहे हे त्याला दिसत नव्हतं.

बर्निए ज्या वर्षी काश्मीरमध्ये होता, त्याच १६६५ साली लंडनमध्ये सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने एका ओळखीच्या घरी काचेतल्या पाण्यात ठेवलेले परदेशी मासे पाहिले आणि त्यांची नवलाईने नोंद केली. एकाच वर्षातल्या या दोन नोंदी मला शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. काश्मीरमध्ये माणूस हाक मारतो आणि मासा ठरवतो, यायचं की नाही. लंडनमध्ये माशाला ठरवायला काहीच उरलेलं नाही. तो चारी बाजूंनी उघडा आहे.

काचेच्या पेटीचा खरा इतिहास सुरू होतो एकोणिसाव्या शतकात, आणि तो एका बाईपासून सुरू होतो. जान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी, आधी शिवणकाम करणारी. लग्नानंतर ती सिसिली बेटावर मेसिना इथे राहायला गेली. अर्गोनॉट नावाचा शिंपलेवाला जलचर आपलं कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं घेतो, असा वाद तेव्हा चालू होता. तो प्रत्यक्ष पाहता यावा म्हणून तिने १८३२ मध्ये काचेच्या पेट्या तयार केल्या, आणि तो कवच स्वतःच बनवतो हे दाखवून दिलं. आपण आज जिला फिश टँक म्हणतो तिची ही आजी.

इंग्लंडमध्ये १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. मग १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. बारा गॅलनचं, म्हणजे पन्नासेक लिटरचं काचेचं भांडं, अर्धं पाण्याने भरलेलं. त्यात दोन लहान गोल्डफिश आणि लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वरून धूळ पडू नये म्हणून पातळ मलमलीचं झाकण. पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला आणि पाणी निवळलं. वनस्पती आणि प्राणी एकमेकांना कसे सांभाळतात, हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्यासाठीच हा प्रयोग गाजला.

पण त्या वर्णनात एक छोटी गोष्ट आहे. तिच्यापाशी मी थबकलो. भांड्याच्या तळाशी वॉरिंग्टनने वाळू आणि चिखल घातला, त्यावर मोठे दगड ठेवले, आणि ते अशा रीतीने रचले की माशांना वाटलं तर त्यांच्या खाली जाता यावं. त्याच्या रसायनशास्त्राला या रचनेची गरज नव्हती. तरी त्याने ती केली आणि लिहूनही ठेवली. काचेच्या पेटीचा जन्म झाला, तेव्हाच तिच्यात आडोसा होता. पावणेदोनशे वर्षांनी मी मडकं उचलून बाहेर फेकलं. वॉरिंग्टन माझ्यापेक्षा शहाणा होता.

पुढे काय झालं? १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं पुस्तक आलं आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी गेला. दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवणं ही फॅशन झाली. फॅशन आली की पाहणाऱ्याची सोय पहिली. दगड अडचणीचे वाटू लागले. गोल, रिकामा काचेचा गोळा आणि त्यात एकटा गोल्डफिश, हे चित्र जगभर पसरलं. जाहिरातींत, व्यंगचित्रांत, सिनेमांत आपण तेच पाहत आलो. अशा गोळ्यातून माशाला बाहेरचं जग वेडंवाकडं दिसतं, म्हणून इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि २००५ मध्ये रोमनेही गोल भांड्यांना मनाई केली. तेव्हा वर्तमानपत्रांत ही बातमी गंमत म्हणून छापून आली होती. मीही ती वाचून हसलो होतो.

मोठी मत्स्यालयं बांधणाऱ्यांना मात्र माशांचं बुजणं लवकर लक्षात घ्यावं लागलं. विल्यम ॲल्फर्ड लॉइड हा त्यांतला नावाजलेला माणूस. हॅम्बुर्गचं १८६४ चं आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं १८७१ चं मत्स्यालय त्याच्या हातचं. त्या पिढीत एक पद्धत रूढ होत गेली. उजेड टाकीच्या वरून पाडायचा आणि माणसांना अंधाऱ्या बोळात उभं करायचं. त्यामुळे काचेवर आपलं प्रतिबिंब पडत नाही, आणि माशालाही अंधारातली माणसं नीटशी दिसत नाहीत. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. २०२० मध्ये साथीच्या दिवसांत ते बंद पडेपर्यंत महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी आयुष्यातला पहिला रंगीत मासा तिथे पाहिला असेल! मी लहानपणी गेलो होतो तो अब्बांचा हात धरून. आतला अंधार पाहून मला वाटलं, वीज वाचवत असतील. तो अंधार माशांच्याही सोयीचा होता, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आता थोडं शास्त्राकडे. माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात. बहुतेक माशांना डोळे मिटता येत नाहीत. अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लागला तर आपण डोळे चोळतो, तो बिचारा टाकीभर धडका देत सुटतो. त्याच्या दोन्ही अंगांवरून एक रेषा जाते. तिच्यात पाण्याची हालचाल टिपणारी इंद्रियं असतात. आपण काचेवर बोटाने टकटक केली, की ती त्याला अंगभर जाणवते. मुलं हौसेने करतात, मोठेही करतात. मासा आणखी आत जातो.

मासा भितो, तसा तो शिकतोही. कार्ल फॉन फ्रिश हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ मधमाश्यांच्या नाचासाठी प्रसिद्ध आहे, त्यासाठी १९७३ चं नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळालं. त्याने १९२३ मध्ये एका छोट्या मार्जारमाशावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. माशांना ऐकू येतं की नाही, असा वाद होता. फ्रिशने घेतलेला मासा आंधळा केलेला होता, म्हणजे पाहून येण्याचा प्रश्न नको. आजच्या मनाला हे खटकतं, पण तेव्हाची रीत ती होती. टाकीत मातीची एक नळी ठेवलेली होती आणि मासा दिवसभर तिच्यात पडून राही. फ्रिश खाणं द्यायच्या आधी शीळ घाली. काही दिवसांनी नुसती शीळ ऐकली, तरी मासा नळीतून बाहेर येऊ लागला. मासा बहिरा नाही, हे सिद्ध झालं. मला त्यात दुसरंही दिसलं. फ्रिशने नळी काढून घेतली नाही. नळी होती तिथेच राहिली, आणि मासा तिच्यातून बाहेर आला.

याच फ्रिशला १९३८ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली. जखम झालेला मासा कळपात सोडला की बाकीचे घाबरून पांगतात. जखमी कातडीतून एक द्रव्य पाण्यात मिसळतं, त्याच्या वासाने इतरांना धोका कळतो. म्हणजे जाळीने पाठलाग करून एका माशाला खरचटलं, तर शेजाऱ्यांनाही त्याची वर्दी जाऊ शकते. पुष्कळ जातींत हे आढळतं.

भीती पसरते, तसा धीरही पसरतो. अमेरिकेतले जॉर्ज बार्लो हे माशांच्या वागण्याचे अभ्यासक. भारत-श्रीलंकेतल्या ऑरेंज क्रोमाइड माशाचाही त्यांनी अभ्यास केला. मासे बुजले तर त्यांचं वागणं पाहायचं कसं, ही त्यांची अडचण होती. त्यांनी १९६८ मध्ये एक छोटा लेख लिहून उपाय सांगितला. बुजऱ्या माशाच्या टाकीत वरच्या पाण्यात सतत फिरणारे निरुपद्रवी छोटे मासे सोडायचे. ते निर्धास्त फिरताना दिसले की खालच्याला कळतं, वर घार-बगळा नाही, निघायला हरकत नाही. या सोबती माशांना इंग्रजीत 'डिदर' माशे म्हणण्याची रीत तेव्हापासून पडली. पुढे २०१७ मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी झेब्राफिशवर प्रयोग करून दाखवलं, की धोक्याचं द्रव्य पाण्यात असतानाही आपल्या जातीचे मासे नजरेला पडले तर माशाची भीती कमी होते.

ही सारी माहिती गोळा करत मी एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. ते प्राणिशास्त्र शिकवत. त्यांनी माझी कहाणी ऐकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टाकी किती दिवस आधी भरून ठेवली होती?"

मी म्हटलं, "सर, दुपारी भरली, संध्याकाळी मासे सोडले."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी स्वच्छ दिसलं तरी माशाला बाधतं. "मडकं काढलंत ही एक चूक," ते म्हणाले, "पण त्याआधीची चूक पाण्याची. मासा लपला की दोन गोष्टी विचारायच्या. तो भ्यालाय की आजारी आहे? कालपर्यंत फिरणारा मासा आज एकाएकी दडून बसला, तर आधी पाणी तपासायचं."

मग त्यांनी विचारलं, "गुरामी कुठला मासा आहे, माहीत आहे?" मला वाटलं होतं, परदेशी असेल. तो निघाला आपलाच. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, संथ आणि शेवाळलेल्या पाण्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने गंगेतल्या माशांवरचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या माशाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा आलं. झेब्राफिश म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत गेलेला पट्टेवाला डॅनिओही त्याच ग्रंथातला. पाणवनस्पतींच्या दाट सावलीत वाढलेल्या गुरामीला मी लख्ख दिव्याखाली, उघड्या काचेत आणून ठेवलं होतं.

आणि गुरामीचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याला कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचं वेगळं इंद्रिय असतं. त्याला अधूनमधून पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घ्यावाच लागतो. म्हणजे भ्यालेला गुरामी कायमचा लपूनही बसू शकत नाही. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं, आणि वर येताना दर वेळी तो उघडा पडतो. फिल्टरमागून झटकन वर येऊन परत जाणारा तो मासा मी रोज पाहत होतो. मला वाटायचं, खोडकर आहे.

उरलेल्या नरासाठी आम्ही काय केलं, ते सांगतो. कुणाच्या घरी असाच मासा असेल तर उपयोग होईल. आधी पाणी. दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदललं, नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध घालून, तेही टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट असेल असं पाहून. खाणं कमी केलं. टाकी टीव्ही आणि दारापासून हलवून खोलीच्या शांत कोपऱ्यात नेली. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला. आता मासा एकाच बाजूने उघडा राहिला. गावाकडून दोन जुनी नळीची कौलं आणली, स्वच्छ धुऊन, धारदार कडा घासून तळाशी पालथी ठेवली. मागे व्हॅलिस्नेरिया लावली, वॉरिंग्टनची आठवण म्हणून. अर्ध्या पाण्यावर तरंगती छोटी वनस्पती सोडली, अर्धं पाणी श्वासासाठी मोकळं ठेवलं. मंद दिवा बसवला. सकाळी आधी खोलीतला दिवा लावायचा, मग काही वेळाने टाकीतला, आणि रात्री उलट क्रमाने बंद करायचे, असा नेम ठरवला. खाणं रोज एकाच वेळी, चिमूटभर. ते टाकलं की मागे सरकायचं.

हे शेवटचं काम मी नातीकडे दिलं. आधी ती तयार नव्हती. म्हणाली, "तो येणारच नाही." मी म्हटलं, नाही आला तर नाही. आपण खाणं टाकायचं आणि तीन पावलं मागे जाऊन बसायचं. बघायची घाई करायची नाही.

पहिले दिवस तसेच गेले. मग खाणं नाहीसं होऊ लागलं. एका संध्याकाळी कौलाच्या तोंडाशी निळं नाक दिसलं. नात माझ्या मांडीवर हात ठेवून बसली होती, तिने श्वास रोखून धरला. सहा आठवडे झाल्यावर प्राध्यापकांनी पाणी तपासून हो म्हटलं, तेव्हा सहा झेब्रा डॅनिओ आणले. ते वरच्या पाण्यात दिवसभर धावत असतात. त्यांच्या येण्यानंतर चार-पाच दिवसांत गुरामी टाकीच्या मध्यावर आला. घाबरला की अजूनही कौलाखाली जातो. पण आता तो जातो आणि परत येतो.

लपायला जागा वाढवली आणि मासा लपेनासा झाला, हे ऐकायला उलटं वाटतं. पण हौदातल्या, वाळण कोंडातल्या आणि काश्मीरच्या तलावातल्या माशांनी हेच सांगितलं होतं. नवीन शाळेत गेलेलं मूल, नव्या घरात आलेली सून, परमुलखात पोटासाठी आलेला माणूस यांच्याकडे पाहतानाही मला ते आठवतं. "बाहेर या, बोला, मिसळा," असं आपण त्यांना सांगतो. परत जायला जागा ठेवली आहे का, हे पाहायचं राहून जातं.

ती चंदेरी मादी मात्र परत येणार नाही. तिची चूक नव्हती. माझ्या घाईची किंमत तिने दिली. नातीने एकदा विचारलं, "नाना, तेव्हाच कौल ठेवलं असतं तर?" मी म्हटलं, "हो, बेटा. तेव्हाच ठेवायला हवं होतं." नात आता शाळेतून आली की आधी दप्तर उतरवते. मग मांजराच्या पावलांनी टाकीपाशी येते आणि थोड्या अंतरावर खाली बसते. काचेवर टकटक करत नाही. घरी आलेल्या पाहुण्यांनाही करू देत नाही.

*(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)*